रोहण्याची बोर

माय, बोर तोंडात टाकल्यावर तुझा चेहरा कसा व्हायचा, तिथूनच सुरुवात करते. आधी तू पुढच्या दातांनी नुसती साल फोडायचीस, मग डोळे बारीक करून जागच्या जागी उभी राहायचीस, आणि मग एक तर मान हलवायचीस नाहीतर पचकन थुंकायचीस. थुंकलीस की त्या झाडाचा निकाल लागला, त्यावर अपील नाही. आपल्या गावच्या नाल्याकाठच्या, पांदणीतल्या, गावठाणातल्या बोरीन् बोरीचा तू असा निकाल लावून ठेवला होतास. वळणावरची ती शेंबडी, कारण तिचा गर बुळबुळीत. विहिरीजवळची पिठ्ठी, घशाला चिकटून बसणारी. पाटलाच्या शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, तुरट, तिच्याबद्दल तू म्हणायचीस, "तोंडाचं चामडं करते, मेली." आणि नाल्यापलीकडची ती लालबुंद, दिसायला देखणी आणि प्रत्येक बोरात अळी, तिला तू नटवी म्हणायचीस. हिवाळ्यात मोहल्ल्यातल्या बाया टोपल्या घेऊन बोरं वेचायला निघाल्या, की कोणत्या झाडाखाली जायचं ते तुला विचारून ठरायचं. तू चुलीपुढून न उठता हाताने दिशा दाखवायचीस. त्या एका बाबतीत गावात तुझा शब्द चालायचा आणि ते तुला चांगलं ठाऊक होतं.

पण गावातली एकही बोर तुला मनापासून पसंत नव्हती. तुझी बोर होती रोहण्याला, तुझ्या माहेरी, गुरांच्या कोठ्याच्या मागे. तिचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलंय की झाड पाहण्याआधीच मला ते पाठ होतं. फळ ना गोल ना लांबट, एका बाजूला जरा कललेलं. पिकलं तरी लाल व्हायचं नाही, हिरवट पिवळंच राहायचं, फक्त एका गालावर तांबूस डाग. साल पातळ, आठळी बारीक, आणि गर ओल्या खोबऱ्यासारखा कुरकुरीत. झाडाला काटेसुद्धा कमी. "आमच्याइकडची बोर माणसाले ओरबाडत नाई," हे तू सासरच्या माणसांकडे बघत मुद्दाम म्हणायचीस. कोणी लावली विचारलं तर म्हणायचीस, "बोर कोणी लावत असते काय? माह्या मायनं खाल्ली आन आठळी थुंकली." तुझी माय तू परकरात होतीस तेव्हाच गेली. तिची लुगडी वाटली गेली, भांडीकुंडी दुसऱ्या बाईच्या हाती गेली. त्या घरात तिचं म्हणून जे उरलं ते एवढं झाड. तू हे कधी रडून सांगितलं नाहीस, पण बोरीचा विषय निघाला की तुझा आवाज बदलायचा आणि हातातलं काम थांबायचं.

लग्न होऊन आल्यापासून तू दरवर्षी रोहण्याहून आठळ्या आणायचीस, पदराच्या गाठीत बांधून. घरामागे नाल्याच्या अंगाला त्या पुरायचीस, राख घालायचीस, शेळ्यांपासून राखायचीस. रोप यायचं, झाड व्हायचं, फळं धरायची, आणि तू पहिलं बोर दाताखाली धरलंस की पचकन. एक झाड तुरट निघालं, दुसरं आंबट, तिसऱ्याला नुसती आठळी आणि साल. दोष कोणाचा हे तू ठरवूनच टाकलं होतंस. दोष आपल्या गावच्या मातीचा.

"या गावची मातीच आंबट आहे," तू भाकरी थापता थापता म्हणतेस. "रोहण्याची साखर आनली तरी इथी आंबट होईन."

बाबा जेवत असतात. ते हसू दाबून म्हणतात, "मातीले काऊन बोल लावून राह्यली? बोरीचं लेकरू मायवर जात नाई. थ्याचा बाप कोन, थ्याचा पत्ताच नसते."

"माह्या माहेरच्या बोरीले असं बोलता तुमी?" तू भाकरी तव्यावर आपटतेस. त्या दिवशी बाबांना दुसरी भाकरी मागून घ्यावी लागली होती.

बाबांना ते कळत होतं, कारण त्यांचं कामच ते होतं. आर्वीकडच्या सरकारी बागेत ते डोळे भरायचे. ज्याला हे काम माहीत नाही त्याला चमत्कारिक वाटेल, पण आपल्या घरात डोळा म्हटलं की आधी झाडाचाच आठवायचा. चांगल्या जातीच्या झाडाची कोवळी काडी घ्यायची, पानाच्या बगलेतला फुगलेला डोळा सालीसकट अलगद काढायचा, आणि रानटी झाडाच्या खुंटाची साल चिरून तिच्यात सरकवून बांधून टाकायचा. मुळं रानटीची, फळं चांगल्या जातीची. बी पेरून जात टिकत नाही, डोळ्यानेच टिकते, हे ते तुला अनेकदा सांगून चुकले होते. बागेत दूरदूरच्या बोरी आणून लावलेल्या होत्या. थंडीत बाबा दुपट्ट्याच्या टोकाला त्यातली चारदोन बोरं बांधून आणायचे आणि तुझ्यापुढे ठेवून गंमत पाहत बसायचे. बनारसी म्हणून एक यायची, अंड्याएवढी, पातळ सालीची. तू ती चावून म्हणालीस, "नुसतं पानी पिऊन मोठं झालं हे. चव कोठी गेली?" उमराण म्हणून एक होती, राजस्थानाकडून आलेली म्हणत. सोनेरी, मग तपकिरी, आठवडाभर राहिली तरी सुरकुतायची नाही. तिचं तू थोडं कौतुक केलंस, म्हणालीस बाजाराला बरी आहे. जळगावकडची मेहरूण चाखलीस तेव्हा मात्र तू आठळीसुद्धा चोखून काढलीस. मग म्हणालीस, "ही चांगल्या घरची आहे." रोहण्याच्या खालोखाल जागा तू फक्त तिला दिलीस.

मग ते वर्ष आलं ज्या वर्षी दसऱ्याला आपण सगळे नागपूरला दीक्षेला गेलो. त्याच वर्षीच्या राखीची गोष्ट. मामाला राखी बांधायला आपण बैलबंडीने रोहण्याला गेलो होतो, तू, मी आणि बाबा. मामा तुझा धाकटा भाऊ, तूच वाढवलेला. तुला तो बाई म्हणायचा आणि तुझ्यापुढे अजूनही थोडा घाबरून बसायचा. राखी बांधून झाली, तू त्याला ओवाळलंस, आणि तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, एक सांगाचं होतं. दिवाळीनंतर बोर तोडतो मी. कोठा वाढवाचा आहे. बैल मावून नाई राह्यले."

तुझ्या हातात ताट तसंच. मला वाटलं आता तू कडाडशील. तू कडाडली नाहीस. म्हणालीस, "ओवाळनी म्हून मांगते. थेवढं झाड राहू दे."

"दुसरं काईबी मांग, बाई," मामाचे डोळे भरून आले होते. "इकडे भिंत, तिकडे वाट. जागाच नाई तं मी तिले ठिवू कुठी? माह्यी बी माय होती थे."

त्याचं खरं होतं. मी मागे जाऊन पाहिलं, बोर एका कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी, आणि उरलेल्या जागेत एक बैल आडवासुद्धा होऊ शकला नसता. तू ताट खाली ठेवलंस आणि उठून कोठ्यामागे गेलीस. झाडाच्या खोडाला हात लावून उभी राहिलीस. माय, त्या वेळी तू मला कोणाचीतरी लहान मुलगी दिसलीस. मला भीती वाटली, आणि तुझ्याजवळ यावं की नाही ते कळेना. तेवढ्यात बाबा मागून आले आणि मामाला म्हणाले, "तोडू दे तिले, पन मले अदुगर काड्या दे. या सालच्या, कवळ्या." मग तुझ्याकडे वळून म्हणाले, "रोहणेकरीण, बोर कुठीबी जात नाई. घरी घेऊन जातो मी तिले."

तू त्यांच्याकडे असं पाहिलंस की जणू पहिल्यांदाच पाहत होतीस. मामा स्वतः झाडावर चढला. ओल्या फडक्यात आणि वर पळसाच्या पानांत गुंडाळून त्या काड्या तू मांडीवर घेऊन बसलीस, आणि बंडी खड्ड्यातून गेली की हात त्यांच्यावर आडवा धरलास.

घरामागे तुझ्याच आठळीतून आलेलं एक आंबट झाड बाबांनी उन्हाळ्यातच खाली छाटून ठेवलेलं होतं. त्याला नव्या फुटींचे हिरवे धुमारे आले होते. बाबांनी त्यातला एक ठेवला, बाकीचे उडवले, आणि ठेवलेल्याच्या सालीत रोहण्याचा डोळा बसवला. केळीच्या वाळल्या सोपटाने बांधला, डोळा तेवढा उघडा. तू शेजारी उकिडवी बसून एकेक हालचाल पाहत होतीस. लागेल का, किती दिवसांनी फुटेल, रोज पाणी घालू का, असे तुझे प्रश्न. बाबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत राहिले. बांधलेल्या जागेच्या खालून फुटवे येतील, ते रानटीचे. ते ठेवायचे नाहीत, दिसला की खुडायचा. तू मान हलवलीस. डोळा लागला, त्यातून हिरवं टोक बाहेर आलं, बाबांनी वरचा शेंडा कापला आणि त्यांना संत्र्याच्या कामाला मोर्शीकडे पाठवण्यात आलं.

आणि तू काय केलंस, माय? तू खुडलास, पण नेमका नको तो. दोन फुटवे आले होते. एक बारीक, फिकट, वाऱ्याने वाकणारा. दुसरा जाडजूड, भराभर वाढणारा, दोन आठवड्यांत माझ्या कंबरेला आलेला. तू दोघांकडे पाहिलंस आणि तुला जराही शंका आली नाही. तुझ्या माहेरचं रक्त मरतुकडं असेल हे तुझ्या मनाला शिवलंच नाही. फिकट फुटवा तू अंगठ्याने मोडलास आणि जाड्याला काठीचा आधार दिलास, त्याच्या आळ्यात शेण घातलंस, जाता येता त्याच्याशी बोलत राहिलीस. असली चूक फक्त माहेरचा एवढा अभिमान असलेली बाईच करू शकते. हे मी आज हसत लिहितेय.

दसऱ्याच्या आधी बाबा परत आले. नागपूरला जायची घाई, मोहल्ला सगळा लगबगीत, पांढरी लुगडी धुऊन वाळत घातलेली. पण तू त्यांना आधी घरामागे घेऊन गेलीस. "पाह्या कशी तरारली! रोहण्याचं पानीच वेगळं." बाबा खाली बसले. मीही त्यांच्या शेजारी वाकले. सोपटाची गाठ वर होती, तिच्याजवळ खुडल्याची बारकी खूण, आणि हे तुझं जोमदार झाड गाठीच्या चांगलं वीतभर खालून आलं होतं, नखशिखांत काट्यांनी भरलेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, पन हे तं खालून—"

"तू चूप बस," बाबा माझ्यावर ओरडले. बाबा मला कधी ओरडत नसत. मग त्यांनी त्या काट्यांवरून सांभाळून हात फिरवला आणि तुला म्हणाले, "हो. तरारली."

नागपूरहून आलो ते आपण वेगळेच होऊन आलो, असं तू सगळ्यांना सांगायचीस, आणि तुझ्या चालण्यातही ते दिसायचं. देव्हाऱ्यातल्या वस्तू आपण नाल्यात सोडल्या. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागेपर्यंत बोराला कोणी तोंड लावत नसे, आधी देवाला मग माणसांना. त्या वर्षी तू म्हणालीस, "आता कोनाची वाट पाहाची? आता आपलं आपन ठरवाचं." आणि भर मोहल्ल्यात, सगळ्या बायांसमोर, वळणावरच्या झाडाचं बोर तोडून तोंडात टाकलंस. ते इतकं कच्चं होतं की तुझे दोन्ही डोळे मिटले. थुंकून, पदराने तोंड पुसून, तू अगदी गंभीरपणे निकाल दिलास: "देवाची वाट पाहाची नाई. बोर पिकाची तं पाहाच लागन." बाया हसून हसून खाली बसल्या होत्या.

दिवाळीनंतर मामाने बोर तोडली. तिच्या लाकडाचं मुसळ करवून त्याने तुझ्याकडे पाठवलं, गुळगुळीत, तांबूस. तू ते घेतलंस, कोपऱ्यात उभं केलंस आणि म्हणालीस, "मंग काय झालं? माही बोर माह्या घरी आहे." बाबा बाहेर निघून गेले. मी पुस्तकात डोकं घातलं. त्या दिवशी मला बाबांचा राग आला होता, तुला सांगत का नाहीत म्हणून. पण सांगून करायचं काय होतं, रोहण्याला आता बुंधासुद्धा उरला नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात घरामागच्या बोरीला पहिली फळं आली. तू सकाळपासून नटून बसल्यासारखी होतीस. पहिलं पिकलेलं बोर तू तोडलंस, गोल, लालसर, ज्यात रोहण्याचं काही म्हणजे काही नव्हतं. आम्ही दोघं तुझ्या तोंडाकडे पाहत उभे. तू साल फोडलीस. डोळे बारीक केलेस. मी थुंकण्याची वाट पाहिली. आणि माय, तू ते गिळलंस. आयुष्यभर एवढ्याशा आंबटपणाला थुंकणारी तू, ते अख्खं बोर चावून चावून गिळलंस, आणि म्हणालीस, "रोहण्याचीच." मग एक बाबांच्या हातावर ठेवलंस, एक माझ्या. बाबा म्हणाले, "गोड आहे." तू माझ्याकडे पाहिलंस. मीही म्हणाले, "गोड आहे."

तो अख्खा हिवाळा आपल्या घरात ती बोर गोड होती. शेजारची काकू एक खाऊन तोंड वाकडं करत म्हणाली, "आंबट नाई काय वो जराशी?" तर तू तिला म्हणालीस, "पयला बहार आहे. लेकराचे पयले दात तरी सरळ कुठी येतात?" मातीला नावं ठेवणं तू त्या वर्षापासून बंद केलंस. बोरं वाळवून, मीठ-गूळ घालून मामाच्या मुसळाने तू बोरकूट केलंस आणि मी ते शाळेत नेलं तर मधल्या सुट्टीत पोरींनी माझी फडकी रिकामी केली. तुला कळलं होतं हे मला तेव्हाच समजलं होतं. कारण त्या झाडाशी बोलणं तू थांबवलंस. पाणी मात्र घालत राहिलीस.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ती दुपार. तू चुलीपुढे अंबाडीची भाजी घोटतेयस. बाबा कामावरून लवकर येतात, पाय न धुताच आत येतात आणि दुपट्टा सोडून तुझ्यापुढे मूठभर बोरं ठेवतात. तू नेहमीच्या सवयीने, न बघताच, एक उचलतेस. साल फुटते, तो कुरकुरीत आवाज मलाही ऐकू येतो. डोळे बारीक होतात. तू मान हलवत नाहीस, थुंकत नाहीस. हातातली रवी खाली पडते. मग तू पहिल्यांदा बोरांकडे बघतेस: हिरवट पिवळी, एका बाजूला कललेली, गालावर तांबूस डाग.

"कुठची ही?" तू विचारतेस.

"तूच सांग. निकाल तुह्या हाती."

तू पदर तोंडाला लावून रडलीस. आई गेलेल्या मुलीसारखं नाही, आई भेटलेल्या मुलीसारखं. बाबा अवघडून उभे. राखीच्या दुसऱ्याच दिवशी, कामावर जाताना, उरलेल्या काड्यांचे डोळे त्यांनी आर्वीच्या रस्त्याकडेच्या एका रानटी बोरीवर भरले होते. जिथे ते रोज बिडी ओढायला थांबत, तिथेच. बागेत सगळेच असं करतात, एक डोळा गेला तर दुसरा असावा म्हणून, यात काही मोठी अक्कल नाही असं ते म्हणाले. रडून झाल्यावर तुझा स्वभाव परत आला. "एवढे दिवस काऊन नाई सांगलं मले? जळत होती मी इथी!"

"अदुगर डोळा लागते का नाई थे पाह्यत होतो. लागला, मंग बोर येते का नाई थे पाह्यत होतो," बाबा म्हणाले. "आन तूच तं म्हनत होती गोड आहे. घरात एक गोड असतानी दुसरी काऊन आनू?"

तू हातातली आठळी त्यांना फेकून मारलीस. मग हसायला लागलीस, रडत हसत, आणि माझ्याकडे वळून म्हणालीस, "आन तू वो? तू बी खोटंच बोलली नं, गोड आहे म्हून?" मी मान खाली घालून हो म्हटलं. तू मला जवळ ओढून माझ्या केसांत नाक खुपसलंस.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कुऱ्हाड काढली. घरामागचं झाड खाली छाटायचं आणि त्याच्यावर नवा डोळा भरायचा. सरळ हिशेब. तू दारातून धावत गेलीस आणि झाडापुढे उभी राहिलीस. "हात नका लावू तिले. दोन साल मी तिले पानी घातलं. लोकांपुढे तिले गोड म्हटलं. आता आंबट असन तं असन, माह्यी आहे थे." बाबा कुऱ्हाड घेऊन तसेच परतले. रोहण्याचा डोळा मग नाल्याच्या बाजूच्या दुसऱ्या झाडावर गेला, आणि या खेपेला फुटव्यांवर नजर ठेवायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. तू ते मुकाट्याने मान्य केलंस, तुझ्या हयातीत बहुधा पहिल्यांदाच.

पुढे ती बोर गावभर झाली. आधी मोहल्ल्यात, मग पलीकडच्या आळीत. ज्यांच्या विहिरीवर आपल्या घागरी चालत नव्हत्या त्यांनाही ती हवी झाली. बाबा द्यायला तयार होते. तू म्हणालीस, देऊ, पण निरोप पाठवून नाही, दारात येऊन मागायचं आणि इथे बसून चहा प्यायचा. कोणी आले नाहीत, कोणी आले. पाटील स्वतः आले, ओट्यावर बसले, कप बराच वेळ हातात धरून राहिले आणि मग प्यायले. तू आत माझा हात इतका घट्ट धरला होतास की दुखत होता. त्यांच्या धुऱ्यावरची ती तुरट बोर त्या पावसाळ्यात रोहण्याची झाली.

माय, त्यातलं आता फारसं उरलेलं नाही. तू आधी गेलीस, बाबा तुझ्यामागे. रस्ता रुंद झाला त्यात बाबांच्या बिडीची ती बोर गेली. मी मास्तरीण झाले, बदल्यांमागून बदल्या फिरले आणि निवृत्त होऊन बोरगाव मेघेला घर बांधलं. पण परवा आर्वीच्या बाजारात गेले तर एक बाई ढीग लावून ओरडत होती, "रोहणी घ्या, रोहणी!" मी थबकले. रोहणी काऊन म्हणते, असं विचारलं तर म्हणाली, "जातच आहे थे, आजी. मांग कोन्या सायबानं काढली म्हनते." तुझ्या मायने थुंकलेली आठळी, मामाने चढून काढलेल्या काड्या, आणि श्रेय गेलं कोण्या साहेबाला! मी वाद घातला नाही. एक उचलून साल फोडली. तीच होती, माय, कललेली, कुरकुरीत. त्या बाईपुढे माझे डोळे भरून आले आणि तिला वाटलं मला अळी लागली, तिने घाईघाईने दुसरं पुढे केलं.

तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं तुला मीच वाचून दाखवायचे आणि तू मध्येच थांबवून तेच वाक्य परत वाचायला लावायचीस. हे ऐकायला तू नाहीस, म्हणून हे माझ्यापाशीच राहणार. म्हणूनच एक गोष्ट लिहून टाकते. घर बांधलं तेव्हा आपल्या गावातल्या तीन घरांनी मला रोहण्याच्या काड्या देऊ केल्या होत्या. मी त्या आणल्या नाहीत. मी आपल्या घरामागच्या त्या आंबट बोरीच्या काड्या आणल्या, ओल्या फडक्यात, मांडीवर घेऊन. माझ्या अंगणात तीच आहे. नातवंडं थुंकतात, शेजारी हसतात, मास्तरीणबाईंना कोणी फसवलं म्हणतात. त्या दिवशी चुलीपुढे तू विचारलंस, तूही खोटंच बोललीस ना, आणि मी हो म्हटलं. बाबा खोटं बोलले होते, माय, आणि तूसुद्धा. मी नव्हते. मला ती खरंच गोड लागली होती.